खिडकी बदलताना घ्यावयाची दक्षता

इंग्लंडमधल्या थॉर्नडेल बरो कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडे, ‘ओव्हरसाइट’ नावाची एक संगणकप्रणाली होती. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ देखरेख असाही होतो आणि नजरचूक असाही होतो. नाव सुचवण्यासाठी नेमलेल्या समितीला पहिला अर्थ माहीत होता.

प्रणाली जुनी होती. पडद्यावर एक मोठी खिडकी उघडायची, ती पेरेंट विंडो. तिच्या पोटात लहान लहान खिडक्या उघडायच्या, त्या चाइल्ड विंडो. एका लहान खिडकीत एक प्रकरण. कौन्सिलच्या हद्दीतल्या प्रत्येक गोष्टीचं प्रकरण होतं : एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, रस्त्यावरचे दिवे, गटारं, कचऱ्याच्या पेट्या, झाडं. सगळ्यांना एकाच साच्यात कोंबल्यामुळे खर्च वाचला होता, आणि वार्षिक अहवालात या कोंबाकोंबीचा उल्लेख ‘समानतेचं धोरण’ असा होता.

कित्येक वर्षं कर्मचारी हव्या त्या खिडकीवर माउसने क्लिक करत आणि काम करत. कोणाची तक्रार नव्हती. तक्रार नसणं हे प्रगतीचं लक्षण नव्हे, असं वाटून कौन्सिलने बाहेरून एक तज्ज्ञ बोलावला. त्याने ‘वेग हीच सेवा’ या विषयावर दिवसभर व्याख्यान दिलं. त्यातून कर्मचाऱ्यांना एवढंच कळलं की माउसला हात न लावता कंट्रोल आणि टॅब ही बटणं एकदम दाबली, की पुढची खिडकी आपोआप समोर येते. दुसऱ्या दिवसापासून सगळे बटणं दाबू लागले.

इथे एक बारीकशी अडचण होती. बटणं दाबली की डोळ्यांसमोर नवी खिडकी यायची, पण प्रणालीच्या मनात जुनीच असायची. तुम्ही समोरच्या खिडकीत लिहून सेव्ह केलंत की ते मागच्या खिडकीतल्या प्रकरणात जाऊन बसायचं. ‘सध्या कोणती खिडकी चालू आहे’ ही नोंद क्लिक केल्यावर बदलायची सोय मूळ प्रोग्रामरने केली होती. बटणांचं तो विसरला होता. तो आता निवृत्त होऊन पोर्तुगालला राहत होता आणि सुखात होता.

एका दुपारी एका केस ऑफिसरने अशा दोन खिडक्या उघडल्या. कर्मचारीकपातीनंतर समाजसेवा आणि उद्यान हे दोन्ही विभाग त्याच्याच गळ्यात होते. एका खिडकीत मिल लेनच्या कोपऱ्यावरचं ॲशचं झाड होतं, दुसरीत त्याच मिल लेनवर राहणाऱ्या श्यामला खटावकर. झाडाबद्दल लिहायचं होतं : ‘प्रकार वृक्ष. वरून बरं दिसतं, आतून पोखरलेलं. पडल्यास लोकांना धोका. काढून टाकावे.’ श्यामलाबाईंबद्दल लिहायचं होतं : ‘प्रकार असुरक्षित प्रौढ. एकाकी आयुष्य. हालचाल नाही. बोलायला कोणी नाही. नियमित भेट द्यावी.’ त्याने दोन्ही मजकूर लिहिले, मधेमधे वेगाने बटणं दाबली आणि चहा करायला गेला. मजकुरांची अदलाबदल झाली.

पुढे ज्यांनी ही प्रकरणं वाचली, त्यांच्यापैकी कोणालाही संशय आला नाही. वृक्षविभागात प्रत्येक झाडाला दोन शब्दांचं लॅटिन नाव असतं. ‘श्यामला खटावकर’ हे त्यांना अगदी रीतसर वाटलं. आणि ॲश हे इंग्रजी आडनावही असल्यामुळे समाजसेवा विभागाला ‘मिस्टर ॲश’ या नावात काही वावगं दिसलं नाही.

मग एका सकाळी झाडं तोडणारी टोळी करवती घेऊन श्यामलाबाईंच्या दारात उभी राहिली. संध्याकाळी त्यांनी अहवाल पाठवला. त्यातला मजकूर असा होता : ‘वृक्ष जागेवर आढळला. वृक्षाने चहा दिला. तोडून घेण्यास वृक्षाचा नकार.’ हा अहवाल प्रणालीला पचेना, म्हणून तो तक्रार होऊन मँचेस्टरमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आश्लेषा रामटेकेच्या पुढ्यात येऊन पडला.

ओव्हरसाइट सांभाळण्याचं कंत्राट त्या कंपनीकडे होतं, आणि कंपनीत ती खरोखर सांभाळायचं काम एकट्या आश्लेषाकडे. आश्लेषा नागपूरची. तिचा विसा कंपनीच्या कृपेवर चालत होता, त्यामुळे कंपनीतलं कोणतंही काम तिला नको म्हणता येत नसे. पण ती कामात पक्की होती. तिने जेवणाच्या सुट्टीआधी चूक शोधून काढली आणि टीम लीडकडे गेली. टीम लीड प्रणव पुण्याचा होता.

“प्रणव, सापडलं. कीबोर्डने विंडो बदलली की करंट रेकॉर्ड बदलतच नाहीये. एक ओळ टाकली की झालं.”

प्रणवने हेडफोन एका कानावरून सरकवला. दुसऱ्या कानात दुसरी मीटिंग चालू होती.

“म्हणजे बग आहे म्हणतेस?”

“आहेच.”

“बग म्हणू नकोस. बिहेविअर म्हण. बग म्हटलं की तो कधीपासून आहे हा प्रश्न येतो. मग किती रेकॉर्ड्स चुकली हा येतो. मग लीगल येतं. आपल्याला लीगल नकोय.”

“अरे, त्या बाईंच्या दारात माणसं करवती घेऊन गेली होती!”

“तोडलं का?”

“नाही.”

“बघ! म्हणजे सिस्टीम सेफली फेल झाली. हे आपण पॉझिटिव्ह म्हणून रिपोर्टमध्ये टाकू.” मग त्याने आवाज खाली आणला. “आणि तुझं विसा एक्स्टेन्शन यंदाच आहे ना गं?”

ओळ टाकली गेली नाही. त्याऐवजी कंपनीने कौन्सिलला एक मार्गदर्शक पत्रक दिलं : ‘खिडकी बदलताना घ्यावयाची दक्षता’. खिडकी बदलल्यावर कर्मचाऱ्याने एक खोल श्वास घ्यावा, समोर दिसणारं नाव मोठ्याने उच्चारावं आणि मगच लिहावं. यासाठी कार्यशाळा झाल्या. ज्यांनी त्या पूर्ण केल्या त्यांना ‘मी सजगतेने बदलतो’ असा हिरवा बिल्ला मिळाला. कौन्सिलच्या तिन्ही मजल्यांवर दिवसभर म्हाताऱ्यांची, दिव्यांच्या खांबांची आणि गटारांची नावं दुमदुमू लागली. बटणं मात्र दाबली जातच होती. पूर्वी चुका मुकाट्याने होत. आता मोठ्याने होऊ लागल्या, एवढाच फरक.

आश्लेषाला चैन पडेना. शनिवारी ती ट्रामने थॉर्नडेलला गेली. मिल लेनवरच्या विटांच्या ओळीतल्या एका घराची बेल तिने वाजवली, तेव्हा दार उघडायला बराच वेळ लागला.

“कोण गं तू?” स्वेटरवर स्वेटर घातलेल्या बाईंनी डोळे बारीक करून विचारलं. “तोडायला आलीस की बोलायला?”

श्यामलाबाई खटावकर साताऱ्याकडच्या. लग्न होऊन इथे आल्या, बिस्किटांच्या कारखान्यात नोकरी केली, एक मुलगा वाढवला आणि एक नवरा पोहोचवला. मुलगा वरद एडिनबराला फायनान्समध्ये होता. श्यामलाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. आश्लेषाने त्यांना जमेल तसं खिडक्यांचं प्रकरण समजावून सांगितलं.

“म्हणजे मी कागदोपत्री झाड आहे?”

“हो मावशी. तात्पुरत्या.”

“कुठलं?”

“ते लिहिलेलं नाहीये.”

“निदान आंब्याचं तरी लिहायचं,” श्यामलाबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. कपाट चाचपत त्यांनी साखरेऐवजी मीठ घातलं. आश्लेषाने तो चहा संपवला.

सोमवारी ती थेट कौन्सिलच्या समाजसेवा संचालक हेलन प्रॉक्टर यांच्याकडे गेली. प्रॉक्टरबाईंच्या छातीवर हिरवा बिल्ला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा ‘मला तुमचं म्हणणं जाणवतंय’ असं म्हटलं आणि नियम सांगितला. नोंद दुरुस्त करायची तर अर्ज ज्याची नोंद आहे त्यानेच करायला हवा. पण श्यामला खटावकर या नावापुढे प्रकार वृक्ष आहे, आणि वृक्षाला अर्ज करता येत नाही. वृक्षाच्या वतीने वृक्षविभाग अर्ज करू शकतो, पण वृक्षविभागाला ‘हा वृक्ष नाही’ असा अर्ज करता येत नाही, कारण मग तो विषय त्यांच्या अखत्यारीतला राहत नाही.

“मग काढून टाकण्याचा आदेश?”

“तो अजून लागू आहे. टोळी पुन्हा जाईल,” प्रॉक्टरबाई हळहळत म्हणाल्या. “कोणालाच आवडत नाही असं.”

उपाय सांगितला तो वृक्ष अधिकाऱ्याने. तो भला माणूस होता; झाडांसोबत आयुष्य गेल्यामुळे माणसांशी सौजन्याने वागायचा. तो म्हणाला, तोडणं थांबवायचं तर वृक्ष संरक्षण आदेश मिळवा. आश्लेषाने अर्ज केला. प्रौढांच्या सेवेचे अर्ज ज्या इमारतीत वर्षानुवर्षं पडून असत, तिथून झाडाचा आदेश आठवडाभरात मंजूर होऊन आला. श्यामलाबाईंच्या फाटकावर प्लास्टिकच्या पाकिटात सूचना लागली : या वृक्षाला तोडणे, उपटणे, त्याचा शेंडा खुडणे, फांद्या छाटणे किंवा त्याला जाणूनबुजून इजा करणे हा गुन्हा आहे.

आणि श्यामलाबाईंचे दिवस पालटले.

वृक्ष अधिकारी दर आठवड्याला येऊन त्यांची तब्येत पाहू लागला. उन्हं वाढली तेव्हा कौन्सिलचा माणूस पाण्याची पिशवी घेऊन यायचा, आणि त्या घोटभर पाणी पिईपर्यंत उभा राहायचा. शेजारपाजारच्यांनी ‘खटावकर वाचवा’ समिती काढली. त्यांच्यापैकी कोणी इतक्या वर्षांत श्यामलाबाईंना नाव विचारलं नव्हतं; आता ते सगळ्यांना तोंडपाठ होतं. भारतातून आलेली ही दुर्मिळ जात इंग्लंडच्या हवेत कशी तग धरून आहे, यावर समितीत एक व्याख्यानही झालं. व्याख्यानाला श्यामलाबाईंना नेलं नाही, कारण आदेशानुसार त्यांना जागेवरून हलवता येत नव्हतं.

आश्लेषा दर शनिवारी जायचीच. ती तिथे असताना एकदा वरदचा फोन आला. श्यामलाबाईंनी स्पीकरवर लावला.

“आई, ऐकलं मी. कसला सुपर्ब आदेश आहे! म्हणजे आता तुझी लीगल जबाबदारी कौन्सिलची ना?”

“हो रे. मला उपटायचं नाही असं लिहिलंय.”

“ग्रेट. मग मी समरमध्ये आलो नाही तरी चालेल. खूप टेन्शन होतं मला.” मागे टकटक टाइप केल्याचा आवाज येत होता. “हो, हो, बोल ना, ऐकतोय.”

श्यामलाबाई काहीच बोलल्या नव्हत्या.

मिल लेनच्या दुसऱ्या टोकालाही सारं छान चाललं होतं. समाजसेवा विभागाने मिस्टर ॲश यांच्यासाठी मैत्रीभेट योजनेतून कीथ नावाचा निवृत्त पोस्टमन नेमला. पहिल्या दिवशी कीथने कार्यालयात फोन करून दबक्या आवाजात विचारलं की मिस्टर ॲश जरा वेगळे दिसतात, हे बरोबर आहे का. त्याला आठवण करून देण्यात आली की लाभार्थ्याच्या दिसण्यावरून मत बनवू नये, हे प्रशिक्षणात शिकवलं आहे. कीथ ओशाळला. त्यानंतर तो नेमाने थर्मास घेऊन जायचा आणि बुंध्याशी बसायचा. त्याच्या अहवालात असायचं : ‘मिस्टर ॲश शांत होते. मध्ये बोलत नाहीत. माझ्या घटस्फोटाबद्दल पहिल्यांदाच कोणी इतकं ऐकून घेतलं.’

मिस्टर ॲश बघता बघता विभागाचे सर्वोत्तम लाभार्थी ठरले. ते एकदाही घसरून पडले नाहीत. त्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली नाही, औषधं चुकवली नाहीत, समाधान सर्वेक्षणात एकही तक्रार केली नाही. विभागाचे आकडे इतके सुधारले की प्रॉक्टरबाईंचं नाव एका राष्ट्रीय पुरस्कारासाठी गेलं. आश्लेषाने पुन्हा एकदा त्या ओळीचा विषय काढला, तेव्हा प्रणवने तिला मीटिंग रूममध्ये नेऊन दार लावलं.

“तुला कळतंय का तू काय फिक्स करायला निघालीयस? क्लायंटच्या करिअरची बेस्ट केस आहे ती!”

“ते झाड आहे, प्रणव.”

“ते तुला माहितीये, मला माहितीये, हेलनलाही आता माहितीये. पण ते डेटामध्ये नाहीये. उगाच कशाला?”

जूनमधल्या शनिवारी आश्लेषा मिल लेनवर पोहोचली तर श्यामलाबाईंच्या घरासमोर गाड्यांची रांग. मराठी मंडळाच्या बायका पैठण्या सावरत उतरत होत्या. मंडळाला वटपौर्णिमेसाठी झाड हवं होतं. वडाचं मिळणार नाही हे ठाऊक होतं, पण ‘जवळच्यात जवळचा संरक्षित वृक्ष’ मागितल्यावर कौन्सिलच्या प्रणालीने तत्परतेने एक पत्ता दिला होता. श्यामलाबाई फाटकापाशी खुर्ची टाकून उन्हात बसल्या होत्या.

“अय्या, झाड कुठेय?” मंडळाच्या सेक्रेटरी प्रमोदिनी हातातलं ताट सांभाळत म्हणाल्या.

“मीच,” श्यामलाबाई म्हणाल्या. “या, बसा.”

प्रमोदिनींनी फोनवरची ईमेल पुन्हा पाहिली, मग फाटकावरची सूचना वाचली. “पत्ता तर हाच आहे. परमिशन पण ह्याच ट्रीची आहे. काय करायचं गं? दीडला रेस्टॉरंटचं बुकिंग आहे.”

“अहो, पण ह्या तर…” मागून एक बाई कुजबुजली. “ह्यांचे मिस्टर गेले ना? म्हणून तर आपण हळदीकुंकवाला…”

“त्या आत्ता झाड आहेत,” प्रमोदिनी ठामपणे म्हणाल्या. “झाडाला काय असतं असलं?”

यावर दुमत झालं नाही. बायकांनी श्यामलाबाईंना हळदकुंकू वाहिलं, पायांशी आंबे ठेवले आणि सूत गुंडाळत फेरे सुरू केले. नवरा गेल्यापासून ज्या बाईच्या कपाळाला मंडळातल्या कोणाचं बोट लागलं नव्हतं, तिच्यासमोर हात जोडून त्या एकीमागून एक सात जन्मांचं सौभाग्य मागू लागल्या. नागपूरला आश्लेषाच्या घरी असलं काही कधी झालं नव्हतं. ती भिंतीला टेकून बघत राहिली.

“बायांनो,” तिसऱ्या फेऱ्याला श्यामलाबाई म्हणाल्या, “मला बाथरूमला जायचंय.”

“दोन मिनिटं काकू, रील चालू आहे!”

फोटो झाले. गाड्या गेल्या. रेस्टॉरंटचं बुकिंग असलेल्यांपैकी कोणीही ‘तुम्ही जेवलात का’ असं विचारलं नाही, कारण झाडाला तसं विचारायची पद्धत नाही. आश्लेषाने कात्रीने सूत कापून त्यांना मोकळं केलं, तेव्हा श्यामलाबाई हसत होत्या.

“कुंकू किती वर्षांनी लागलं गं,” त्या म्हणाल्या. “कसं दिसतंय? मला दिसत नाही.”

कारण डोळे पार गेले होते. ऑपरेशनची तारीख पूर्वीच मिळाली होती. पण हॉस्पिटलने रुग्णाची माहिती कौन्सिलच्या प्रणालीशी पडताळून पाहिली, तेव्हा लाल अक्षरांत सूचना आली : हा वृक्ष संरक्षित आहे, कोणत्याही प्रकारची काटछाट करण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी. हॉस्पिटलने परवानगी मागितली. वृक्षविभागाने कळवलं की छाटणी हिवाळ्यात, पानगळ झाल्यावरच करता येते. ऑपरेशन रद्द झालं.

हे कळलं त्या दिवशी आश्लेषाने आयुष्यात पहिल्यांदा विसा विसरून काहीतरी केलं. ओव्हरसाइटमधल्या एका बटणाचा निळा रंग किंचित गडद करण्याला समितीची मान्यता मिळाली होती; ते अपडेट जायचं होतं. तिने त्यात गुपचूप ती एक ओळ टाकली. खिडकी कशीही बदलली तरी नोंद बदलेल, अशी. अपडेट गेलं. निळा रंग सर्वांना फार आवडला. मग तिने दोन खिडक्या उघडल्या, दोन्ही मजकूर ज्याच्या त्याच्या जागी ठेवले, कंट्रोल आणि टॅब दाबून पुनःपुन्हा तपासलं. झाड झाड होतं. बाई बाई होती. तिने तक्रारीपुढे ‘निकाली’ अशी खूण केली, आणि तिला मनापासून समाधान वाटलं.

बाई माणूस झाल्याबरोबर व्यवस्थेने आपलं कर्तव्य केलं. फाटकावरची सूचना निघाली. पाण्याची पिशवी बंद झाली. ‘खटावकर वाचवा’ समिती विसर्जित झाली. ती जात दुर्मिळ नाही असं कळल्यावर उत्साहच गेला. समाजसेवा विभागाने श्यामलाबाईंचं नाव मैत्रीभेट योजनेच्या प्रतीक्षायादीत घातलं. यादी लांब होती आणि प्रॉक्टरबाईंना त्याबद्दल जाणवत होतं. ऑपरेशनची नवी तारीख मात्र आली. एकच अट होती : सोबत कोणीतरी हवं.

“मी येते ना मावशी,” आश्लेषा फोनवर म्हणाली. “मी आहे. वरदला कशाला त्रास.”

तिला खरंच यायचं होतं. दोनतीन शनिवार राहून गेले होते, तेही भरून निघालं असतं. पण त्याच दिवशी टोळी मिस्टर ॲश यांच्याकडे गेली.

आदल्या रात्रीपासूनच बातमी पसरली होती. सकाळी मिल लेनच्या कोपऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. माजी ‘खटावकर’ समिती बॅनर उलटे करून, मागच्या बाजूला ‘मिस्टर ॲश वाचवा’ लिहून आली होती. मंडळाच्या बायका आल्या होत्या. स्थानिक टीव्हीचा कॅमेरा होता. अशा वेळी प्रणालीतलं कोणी हाताशी हवं म्हणून प्रणवने आश्लेषाला पाठवलं होतं. कीथ बुंध्याला मिठी मारून बसला होता. त्याला चौघांनी उचलून नेलं, आणि नंतर विभागाने त्याला जवळच्या व्यक्तीच्या निधनाची रजा मंजूर केली. प्रॉक्टरबाईंनी छोटंसं भाषण केलं. त्या म्हणाल्या, “ते आपल्यातलेच एक होते. आपण त्यांना ओळखायला कमी पडलो.” करवत सुरू झाली. आतून पोखरलेलं झाड फारसा आवाज न करता आडवं झालं, तेव्हा गर्दीतून हुंदका उठला.

आश्लेषालाही रडू आलं. का ते तिला सांगता आलं नसतं. तिने बुंध्याचा फोटो काढला, खाली चार ओळी लिहिल्या आणि टाकला. लोक हळहळू लागले. अनोळखी माणसं तिचं सांत्वन करू लागली. ती एकेकाला उत्तर देत होती. मध्ये एका नंबरवरून सारखा फोन येत होता, तो ती बोटाने बाजूला सारत होती. शेवटी तिने घेतला.

“श्यामला खटावकर यांच्यासोबत तुम्ही येणार होतात ना?” हॉस्पिटलमधली नर्स विचारत होती.

ती टॅक्सीने पोहोचली तेव्हा ऑपरेशन थिएटरची वेळ संपली होती. रिकाम्या होत आलेल्या हॉलमध्ये श्यामलाबाई कोट घालून, पर्स मांडीवर धरून ताठ बसल्या होत्या. कोणता डोळा करायचा ते चुकू नये म्हणून त्यांच्या उजव्या भुवईवर पेनाने एक बाण काढला होता. तो तसाच होता.

“मावशी, सॉरी. ते झाड आज…”

“हो, कळलं. शेजारी बसलेली एक पोरगी फोनवर बघत होती, तिने सांगितलं. गर्दी खूप होती म्हणाली.” त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. “रडलीस वाटतं. नाक भरलंय.”

आश्लेषाने बाहीने नाक पुसलं.

“मी झाड होते तेव्हा तू दर शनिवारी यायचीस,” श्यामलाबाई म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. ट्राम किती वाजता आहे ते सांगावं तसं त्या सांगत होत्या. “माणूस झाल्यापासून आज पहिल्यांदा आलीस गं.”

तेवढ्यात नर्स आली. दमलेली, पण प्रेमळ होती. ती म्हणाली, एक जागा रिकामी झाली आहे, गुरुवारी सकाळी. ही गेली तर पुढची कधी मिळेल सांगता येत नाही. सोबत येणाऱ्याने दिवसभर थांबावं लागेल. “तुम्ही याल ना? नक्की?”

आश्लेषाने फोन काढला आणि गुरुवार उघडला. गुरुवारी काय काय होतं आणि तिने नर्सला काय उत्तर दिलं, ते सांगण्यात अर्थ नाही. इथवर तुम्ही वाचत आलात ते झाडाच्या गमतीपायी. श्यामलाबाई आता एकट्या राहणारं, डोळ्यांनी अधू असं नुसतं एक माणूस आहेत, आणि नर्स उभी आहे. गुरुवारी तुम्हाला जमतंय का?